कुत्रा ससा बघतो. जमीन तुम्ही बघायची

वाचकाचं पत्र, थोडक्यात: माझा कुत्रा ग्रेहाउंड आणि सालुकी या दोन वेगवान शिकारी जातींचा संकर आहे. नर, वय तीन वर्षं, वजन २७ किलो. दोन हंगाम तो सपाट, आखूड गवताच्या कुरणावर सशामागे धावला आणि तिथे त्याला तोड नव्हती. यंदा शिकारीच्या परवान्याचं रान बदललं. पहिल्या खेपेला ओल्या नांगरटीत तीन-चारशे मीटरवर त्याचा दम तुटला आणि तो उभा राहिला. दुसऱ्यांदा दगडी उतारावरून पुढच्या मनगटामागची गादी सोलवटून आला. तिसऱ्यांदा कापलेल्या मक्याच्या रानात सोडला, त्या दिवशी ठीक होता, पण दुसऱ्या दिवशी पुढच्या पायाने लंगडू लागला. सोबतचे लोक म्हणतात कुत्रा कच्चा आहे, दुसरा बघ. बूट घालू का? की खरंच बदलू?

उत्तर:

कुत्रा बदलू नका. कच्चा कुत्रा प्रत्येक रानात एकाच तऱ्हेने कमी पडतो. तुमचा तीन रानांत तीन वेगळ्या तऱ्हांनी कमी पडला आणि प्रत्येक वेळी त्या जमिनीवर जे बिघडतं नेमकं तेच बिघडलं. चूक सोडणाऱ्याची आहे, हे जरा स्पष्टच लिहितो. डोळ्याने शिकार करणारा कुत्रा एकदा ससा दिसला की जमीन बघत नाही. मान वर, नजर सशावर. पायाखाली हिरवळ आहे की दगड, पुढे तार आहे की चर, हे त्याच्या हिशेबातच नसतं. तो हिशेब पट्टा हातात असेपर्यंत तुम्ही करायचा असतो.

हे कुत्रे धावतात कसे, ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. भरधाव वेगात एका ढांगेत त्यांचे चारही पाय दोनदा हवेत असतात: एकदा अंग आखडलेलं असताना, एकदा पूर्ण ताणलेलं असताना. म्हणजे प्रत्येक ढांगेत अंगाचं सगळं ओझं दोनदा जमिनीवर येतं, आणि तेही एका वेळी एखाद-दुसऱ्या पायावर. नुसतं उभं असतानाही कुत्र्याचं सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. ताशी ६० किलोमीटर वेगाने तो सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जातो. या वेगात पाय कुठे पडतो आणि जमीन त्याला काय परत देते, यावर सगळं ठरतं. घट्ट पण किंचित लवचीक हिरवळ पायाला उसळी परत देते. ओली माती ती गिळते. दगड ती जास्तच परत देतो, आणि तीही सांध्यात.

आता नांगरटीचं. सपाट मैदानावर ४८०-५०० मीटरची शर्यत ग्रेहाउंड तीसेक सेकंदांत संपवतो आणि त्याचं सगळं शरीर तेवढ्याच थोड्या वेळाच्या स्फोटासाठी घडलेलं असतं. सालुकीचं रक्त असल्यामुळे तुमच्या कुत्र्याला थोडा जास्त टिकाव असेल, पण मूळ हिशेब तोच. ओल्या नांगरटीत पाय रुततो, ढांग आखडते, बोटांमध्ये माती भरून पंजा जड होतो. स्नायूंना दरवेळी पाय उपसून काढावा लागतो. कुरणावर तो जितक्या श्रमात कितीतरी पुढे गेला असता, तितके श्रम इथे चारशे मीटरमध्येच संपतात. समोरचा ससा तीन-चार किलोचा, कमी रुततो आणि त्या मातीत रोज वावरतो. दम तुटणं हा कमजोरपणा नाही, तो साधा जमाखर्च आहे.

नांगरटीत तीन गोष्टी बघून मगच सोडायचं. पहिली, ओल. मूठभर माती दाबा. गोळा होऊन बोटांना चिकटून राहिली तर त्या दिवशी सोडू नका, हाताखाली भुगा झाली तर चालेल. दुसरी, तासांची, म्हणजे नांगराने पडलेल्या सऱ्यांची दिशा. तासांच्या बाजूने धावताना पाय बराचसा एकाच पातळीवर पडतो. तास आडवे ओलांडताना दर ढांगेला उंची बदलते आणि बोटांचे सांधे मुरगळतात. ससा कुठे वळेल ते हातात नाही, पण सुरुवात कोणत्या दिशेने करायची ते आहे. तिसरी, ढेकळं. ओल्या नांगरटीत कुत्रा दमतो, पण वाळलेल्या मोठ्या ढेकळांच्या रानात तो मोडतो. थंड प्रदेशात गोठलेली नांगरट तर दगडी पायऱ्यांसारखीच होते. अशा रानातून कुत्र्याला पट्ट्यावर चालवतसुद्धा बाहेर काढावं, सोडायचा विचारही नको.

त्या दिवशी तो उभा राहिला, त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत त्याची लघवी गडद, चहासारखी झाली होती का? पाठ आणि मांड्या कडक, हात लावला की कळवळणं, चालायला नाखुशी? असं पुन्हा कधी दिसलं तर वाट बघू नका. अतिश्रमाने स्नायूंच्या पेशी फुटतात आणि त्यांतला रंग मूत्रपिंडात जाऊन त्यांना इजा करतो. या जातींमध्ये हा आजार ओळखीचा आहे. त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्यावं, घरी मालिश करत बसू नये.

दगडी उताराकडे येऊ. मनगटामागे जी छोटी गादी असते ती चालताना जमिनीला लागतही नाही. भरधाव वेगात, विशेषतः थांबताना आणि वळताना, मनगट इतकं मागे वाकतं की ती गादी जमिनीवर घासते. तिचं काम ब्रेकचं आहे. उतारावर पुढच्या पायांवरचं ओझं आणखी वाढतं. त्यात कुत्रा दमला की मनगट सावरून धरणारे स्नायू सैल पडतात आणि गादी आणखी जोरात आपटते. खाली हिरवळ असती तर काहीच झालं नसतं. खाली मुरूम आणि धारेचे दगड होते, म्हणून ती सोलवटली. म्हणजे या जखमेला कारणं तीन: उतार, दगड आणि थकवा. तिन्ही एकत्र येऊ दिले तर पुढच्या वेळी गादीऐवजी मनगटाचे बंध तुटतील, आणि मग कुत्र्याचं धावणं संपल्यात जमा.

डोंगराळ रानात सोपा नियम: तुम्ही खाली उभे राहा, कुत्रा वर जाऊ द्या. सशाचे मागचे पाय लांब असतात, तोही जमेल तेव्हा चढच धरतो. चढावर कुत्रा मागे पडेल, दमेल, ससा निसटेल, पण कुत्रा अखंड परत येईल. माथ्यावर उभं राहून खाली सोडणं म्हणजे खांदे, मनगटं आणि मान एकदम पणाला लावणं. उतारावर ससा अचानक वळला की सत्तावीस किलोचा कुत्रा त्या वेगात वळू शकत नाही, तो कोलांटी खातो. माती मऊ असेल तर उठतो. दगड असतील तर काही सांगता येत नाही.

दगडांतही फरक आहे. मातीत घट्ट बसलेला, झिजून गुळगुळीत झालेला खडक कोरडा असेल तर चालवून घेता येतो. सुटे, मुठीएवढे, धारेचे दगड सर्वांत वाईट, कारण पाय पडल्यावर दगड सरकतो आणि बोट त्याच्या कडेला अडकतं. एखादं बोट बाजूला निखळतं, नख मुळापासून उपटतं, आतल्या बाजूचं अंगठ्याचं नख फाटतं. गवतात लपलेले दगड तर उघड्या दगडांहून धोक्याचे. म्हणून रान आधी पायी फिरून बघा, आणि बुटाचा तळ पातळ असू द्या. तुमच्या पायाला जे टोचतं ते त्याच्या पायाला कापतं.

तुमचा तिसरा प्रसंग, मक्याचं रान. धसकटांचा त्रास उंचीने कमी आणि जाडीने जास्त ठरतो. गव्हासारख्या बारीक काडीची धसकटं बोटांमधली कातडी खरचटवतात, क्वचित डोळ्याला लागतात. मका, ज्वारी, सूर्यफूल यांची तिरकी कापलेली धसकटं म्हणजे ओळीने रोवलेले खुंटच. कुत्रा त्यांच्यावर वरून उतरतो. कापणीनंतर काही पाऊस होऊन काड्या कुजल्या-मऊ झाल्या की धोका बराच उतरतो. ताज्या कापलेल्या जाड धसकटांच्या रानात आम्ही कुत्रा सोडूच नये असं म्हणू. त्यात वाद घालायला जागा नाही.

तो दुसऱ्या दिवशी लंगडला, यावरून काहीतरी आत राहिलंय किंवा बोटाचा सांधा सुजलाय असं वाटतं. हे बघायची पद्धत सांगतो. आधी त्याला सैल पट्ट्यावर सरळ रेषेत तुमच्याकडे चालवा, मग दूर. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय टेकताना कुत्रा डोकं वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली करतो. मग तेच कडक जमिनीवर आणि मऊ जमिनीवर करून बघा. कडक जमिनीवर जास्त लंगडत असेल तर दुखणं बहुधा पंजात आहे. मऊ, रुतणाऱ्या जमिनीवर किंवा चढावर वाढत असेल तर वर, स्नायूत किंवा खांद्यात शोधा.

नंतर कुत्रा आडवा करा, पंजा कोमट पाण्याने धुऊन पुसा आणि चांगल्या उजेडात या. चांगला पंजा आधी तपासा, म्हणजे ‘दुखत नाही’ कसं असतं ते हाताला कळतं. आता दुखरा. प्रत्येक गादी अंगठा आणि बोट यांच्यात धरून वरून खाली, मग दोन्ही बाजूंनी दाबा. एखाद्या टाचणीच्या टोकाएवढ्या जागी दाबल्यावर पाय ओढून घेतला तर तिथे काडीचा तुकडा आहे किंवा घट्टा झालाय. घट्टा गोल, कडक, भोवतीच्या गादीपेक्षा फिकट दिसतो आणि या जातींत तो वारंवार होतो. मग बोटं एकेक फाकवून मधली कातडी बघा. ओलसर लाल फुगवटा आणि मध्ये सुईच्या टोकाएवढं भोक दिसलं तर कुसळ घुसलेलं आहे. कुसळाची ठेवण अशी असते की ते पुढेच सरकतं, मागे येत नाही, त्यामुळे ते चिमट्याने उकरू नका, पशुवैद्यांकडून काढून घ्या. शेवटी प्रत्येक बोटाचे सांधे हळूच दुमडा, बाजूला हलवून बघा, आणि नख धरून किंचित डुलवा. एका बोटाचा सांधा दुसऱ्या पंजातल्या त्याच बोटापेक्षा जाड किंवा सैल लागला तर तो मुरगळलाय. त्याला आठवडे लागतात, दिवस नाही. दुखण्यावर माणसांची गोळी अजिबात देऊ नका. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल कुत्र्यांना विषारी ठरू शकतात.

गादीच्या जखमेचं: स्वच्छ पाण्याच्या धारेखाली माती पूर्ण जाईपर्यंत धुवा, जाळीदार कापडाने पाचेक मिनिटं न उचलता दाबून धरा, वर मऊ पट्टी बांधा. पंजा बांधत असाल तर बोटांच्या मध्ये थोडा कापूस घाला, नाहीतर घामाने कातडी कुजते. पट्टी रोज बदला. पट्टीच्या बाहेरची बोटं सुजली किंवा गार पडली तर ती घट्ट झाली आहे, लगेच सोडा. लोंबणारी साल स्वतः कापू नका. गादीवर नवी कातडी यायला दोन-तीन आठवडे लागतात. वरून बरी दिसते म्हणून दहाव्या दिवशी सोडलेला कुत्रा त्याच जागी पुन्हा फाटतो.

बुटांबद्दल विचारलंय. चालण्यासाठी, जखम झाकण्यासाठी, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठापासून पाय वाचवण्यासाठी बूट ठीक. भरधाव धावण्यासाठी नको. बोटं पसरून जमीन धरायची असते, ती बुटात धरता येत नाही. बूट फिरतो, अंगठ्याच्या नखाला घासतो आणि वळणावर निघून जातो. मनगटाची गादी एकदा सोलवटलेली असेल तर स्वतःलाच चिकटणाऱ्या पट्टीचे दोन सैलसर वेढे मनगटाभोवती द्यायला हरकत नाही. पट्टीखाली एक बोट सहज जायला हवं आणि धाव संपताच ती काढायची. गाद्या कडक करण्यासाठी स्पिरिट वगैरे चोळणारे लोक भेटतील. कोरडी कडक गादी भेगाळते. चांगली गादी बुटाच्या चामड्यासारखी असावी, चिवट पण लवणारी.

तुम्ही विचारलं नाहीत, पण नव्या रानात सर्वांत आधी बघायची गोष्ट तार आहे. या कुत्र्यांची कातडी पातळ, खाली चरबी जवळजवळ नाही. काटेरी तारेला तिरका लागला तरी कातडी हातभर सोलून येते. धाव सुरू होण्याच्या जागेपासून चारशे मीटरच्या आत, सशाच्या संभाव्य वाटेवर तार असेल तर सोडू नये, असा आमचा हिशेब आहे, कारण चारशे मीटर म्हणजे जेमतेम २४ सेकंद. सूर्य खाली असताना समोरून उजेड येत असेल तर तार तुम्हालाही दिसत नाही, त्याला काय दिसणार. कातडी फाटलीच तर धुऊन ओल्या जाळीदार कापडाने झाका आणि पशुवैद्य गाठा. भूल द्यायची वेळ आली तर कुत्रा ग्रेहाउंड वंशाचा आहे हे तोंडाने सांगा. थायोपेंटलसारख्या भुलीच्या औषधांचा निचरा या जातींत फार सावकाश होतो.

झाडीत आणि झुडपांत लांब पायांचा कुत्रा मुळात चुकीचा. ससा नजरेआड झाला की त्याचं निम्मं हत्यार गेलं, आणि वळता न आल्यामुळे तो बुंध्यावर आदळतो किंवा तुटक्या फांदीवर छाती घेतो. तिथे दहा-पंधरा किलोचा व्हिपेट, म्हणजे ग्रेहाउंडसारखाच पण लहान कुत्रा, बरा. कोरड्या सैल वाळूत पाय मागे घसरतो आणि मांडीच्या आतला, जांघेजवळचा स्नायू ताणला जातो. माणसांवरच्या मोजणीत वाळूवर धावायला कडक जमिनीच्या सुमारे १.६ पट ऊर्जा लागल्याचं आढळलंय. कुत्र्याची गोष्ट यापेक्षा फार वेगळी नसावी. ओली, घट्ट वाळू मात्र उत्तम. बर्फावर पातळ कडक कवच असेल तर ससा वरून जातो आणि कुत्रा फुटून आत जातो. त्या कवचाच्या धारेने मनगटं कापतात. भुसभुशीत बर्फ निदान कापत नाही.

जाती उगाच वेगळ्या झालेल्या नाहीत. सालुकीची लांब बोटं आणि त्यांमधले केस वाळवंटातले, डिअरहाउंडचं राठ अंग स्कॉटलंडच्या डोंगरांतल्या पावसाचं, बोर्झोईचे दाट केस रशियातल्या हिवाळ्याचे. ग्रेहाउंड हा सपाट हिरवळीचा राजा. १८३६ पासून २००५ पर्यंत भरलेली वॉटर्लू कप ही सशामागे कुत्रे सोडण्याची स्पर्धा इंग्लंडमधल्या ऑल्टकारच्या सपाट रानातच होत होती. तुमच्या कुत्र्यात अर्धा सालुकी आहे. त्याचे पंजे बघा: बोटं लांब, चपटी असतील तर दगडमातीत तो शिकेल. मांजरासारखा गोल घट्ट पंजा असेल तर त्याच्यासाठी कुरणच शोधा.

इंग्लंड-वेल्समध्ये २००४ च्या कायद्याने आणि भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने सशामागे कुत्रा सोडणं बंद केलंय. तुमच्याकडे परवाना आहे म्हणता, पण त्यात नवं रान नावानिशी आहे का ते तपासा. नकली सावजामागे, दोरीवर ओढल्या जाणाऱ्या चिंध्यांमागे धावणाऱ्यांनाही वरचं सगळं लागू आहे. उलट त्यांना दोरी चांगल्या जमिनीवरून आखता येते, ही चैन तुम्हाला नाही.

आता पुढचे दोन महिने. गादी भरेपर्यंत नुसतं मऊ जमिनीवर पट्ट्यावर चालणं. त्यानंतर दोन आठवडे रोज ३०-४० मिनिटं चालवा, त्यातली निम्मी वाट खडबडीत असू द्या. गाद्या आणि नखं दोन्ही त्यातून घडतात. मग दोन आठवडे, आठवड्यातून तीनदा, १५ मिनिटं सायकलीशेजारी दुडकी चाल, ताशी १०-१२ किलोमीटर. पुढे हलक्या चढावर ६०-८० मीटरच्या चार-पाच छोट्या धावा, आणि खाली येताना नेहमी पट्ट्यावर. नव्या रानातली पहिली धाव एकच. धावेआधी दहा-पंधरा मिनिटं चालवून अंग मोकळं करा, धावेनंतर तितकंच चालवा. आधी तीन तास पोटभर खाणं नको. कुत्र्याचं तापमान एरवी ३८ ते ३९.२ अंश असतं, जोरात धावल्यावर ते ४१ च्या पुढे जाऊ शकतं. दहा मिनिटांनंतरही धाप कमी होत नसेल, हिरड्या गडद लाल दिसत असतील, तोल जात असेल तर अंगावर सतत पाणी ओता, वारा लागू द्या, ओलं फडकं पांघरू नका, आणि ३९.५ वर आल्यावर ओतणं थांबवून पशुवैद्यांकडे निघा. कठीण जमिनीवरच्या एका धावेनंतर तीन दिवस विश्रांती, मग पंजे तपासून पुढचं.

पहिल्यांदा सोडाल तेव्हा पाऊस होऊन दोन-तीन दिवस झालेलं, हलक्या चढाचं गवताळ रान निवडा. नांगरट या हंगामात नको, आणि तो दगडी उतार पुढच्या हंगामातही नको.